धाप लागते, पण जेवता काय?

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

हृदयाच्या किंवा फुप्फुसाच्या आजारामागे अन्नातला एखादा घटक कमी पडणं हे कारण असू शकतं का, असं विचारणारी बरीच पत्रं या महिन्यात आली. असू शकतं. ते वेळेत ओळखलं तर इलाज स्वस्त असतो आणि गुणही लवकर येतो. मात्र धमनीतला अडथळा, बिघडलेली झडप किंवा विडी-सिगारेटने खराब झालेलं फुप्फुस जीवनसत्त्वाच्या गोळीने सुधारत नाही. खाली औषधांच्या मात्रा दिल्या आहेत त्या तुमच्या डॉक्टरांशी नीट बोलता यावं म्हणून. घरी प्रयोग करण्यासाठी त्या नाहीत.

प्रश्न : बहिणीचं बाळ तीन महिन्यांचं, फक्त अंगावर पिणारं. दोन दिवस किरकिर, मग दूध सोडलं, आवाज बसला, श्वास जोरात चालू लागला. न्यूमोनिया समजून दाखल केलं. इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) फुप्फुसातल्या धमन्यांचा दाब फार वाढलेला निघाला. शेवटी बी-१ चं इंजेक्शन दिलं आणि दुसऱ्या दिवशी बाळ दूध ओढू लागलं. एका जीवनसत्त्वाने असं होतं? आजी म्हणतात, बाळंतिणीचं पथ्य पिढ्यान्पिढ्या चालत आलंय, त्याला नावं ठेवू नका. (एक मावशी, चिपळूण)

होतं. याला बाळांचा बेरीबेरी म्हणतात. बी-१ म्हणजे थायमिन. आपण खाल्लेल्या पिष्टाचं ऊर्जेत रूपांतर होताना काही मोक्याच्या पायऱ्यांवर ते लागतंच. ते नसेल तर पेशीत इंधन असूनही जळत नाही आणि रक्तात लॅक्टिक आम्ल साठतं. क्षणभरही न थांबणाऱ्या हृदयाला ही चणचण लवकर जाणवते. लहान बाळांत फुप्फुसातल्या धमन्यांचा दाब चढतो, हृदयाची उजवी बाजू फुगते, यकृत वाढतं. कर्नाटकातल्या आणि काश्मीरमधल्या बालरोगतज्ज्ञांनी अशी बाळं गेल्या काही वर्षांत मोठ्या संख्येने नोंदवली आहेत. बहुतेक दोन ते चार महिन्यांची, केवळ आईच्या दुधावरची आणि त्याआधी अगदी गुटगुटीत.

शरीरात थायमिनचा साठा जेमतेम २५ ते ३० मिलिग्रॅम असतो. आवक थांबली तर तीन-चार आठवड्यांत तो संपत येतो. आईच्या आहारातच कमी असेल तर दुधातही कमी उतरतं, आणि बाळाचं वजन वाढतं तशी गरज मात्र वाढत जाते. म्हणून आजार जन्मतः न दिसता दोन-तीन महिन्यांनी एकदम उसळतो. आई वरवर ठणठणीत दिसते. नीट विचारलं तर पायांना मुंग्या येतात, उकिडवं बसल्यावर उठताना हात टेकावा लागतो, असं ती सांगते. पण बाळाच्या धावपळीत तिला हे विचारतं कोण?

न्यूमोनियाशी गल्लत का होते तेही बघा. दोन्हीत श्वास जोरात चालतो. पण इथे सहसा ताप नसतो, एक्स-रेमध्ये फुप्फुसं बरीचशी स्वच्छ आणि हृदय मोठं दिसतं, रक्ततपासणीत लॅक्टेट (म्हणजे वर सांगितलेलं लॅक्टिक आम्ल) फार वाढलेलं असतं. आवाज बसलेलं किंवा आवाजच न निघता रडणारं बाळ ही सर्वांत बोलकी खूण. अशा बाळाला 'शॉकमध्ये आहे' म्हणून भराभर सलाइन दिलं तर थकलेल्या हृदयावर आणखी भार पडतो.

अशा वेळी तपासणीच्या निकालासाठी थांबायचं नसतं. रक्तातल्या थायमिनची चाचणी मोजक्याच ठिकाणी होते आणि अहवालाला दिवस लागतात. नमुना आधी काढून ठेवावा (ईडीटीएची, म्हणजे रक्त गोठू न देणारी नळी, उजेड लागू नये म्हणून फॉइलमध्ये गुंडाळून), आणि औषध लगेच सुरू करावं. आपल्याकडचे बरेच विभाग १०० मिग्रॅ थायमिन शिरेतून सावकाश देतात, मग काही दिवस रोज ५० ते १०० मिग्रॅ, आणि नंतर कित्येक आठवडे तोंडाने रोज १० मिग्रॅच्या आसपास. मात्रा यापेक्षा बरीच कमी ठेवणारे जुने नियमही आहेत. काही तासांत ते दोन दिवसांत फरक दिसतो, आणि हा फरक हेच निदान. फुप्फुसांचा दाब मात्र पूर्ण उतरायला काही दिवस ते काही आठवडे लागतात, म्हणून इको पुन्हा करावा. गुण आला नाही तर जन्मजात हृदयदोष, जंतुसंसर्ग, चयापचयाचे आनुवंशिक आजार यांचा शोध चालूच ठेवायचा असतो. थायमिन देऊन बघण्यात धोका नगण्य आहे, न देण्यात जीव जाऊ शकतो.

अंगावरचं दूध बंद करू नका. आईलाही त्याच दिवसापासून थायमिन द्यायचं. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीवर विसंबण्याआधी पाकिटामागचा बारीक मजकूर वाचा. काही गोळ्यांत थायमिन २ मिग्रॅ असतं, काहींत १०. पुढच्या बाळंतपणात गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीपासूनच डॉक्टरांना ही हकिकत सांगा.

आता आजींचं. शेपू, मेथी, बाजरीची भाकरी, अळीव, तीळ, डिंकाचे लाडू हे आपलं जुनं पथ्य उत्तमच आहे. घोटाळा होतो तो त्याची काटछाट होते तेव्हा. डाळी वातूळ म्हणून बंद, फळं थंड म्हणून बंद, शेंगदाणे पित्ताचे म्हणून बंद. मग उरतो पांढराशुभ्र भात, तूप आणि चहा. १०० ग्रॅम पॉलिशच्या तांदळात थायमिन ०.०५ मिग्रॅच्या आसपास, आणि अंगावर पाजणाऱ्या आईची रोजची गरज दीड ते दोन मिग्रॅ. हिशोब आजींनाच करू द्या, त्या काटकसरीच्या घरात वाढल्या आहेत. गव्हाच्या कणकेत १०० ग्रॅमला साधारण ०.४, शेंगदाण्यात ०.६ च्या वर.

प्रश्न : आमच्याकडे उकडा तांदूळच खातात. मुलं शहरातून आली की नाकं मुरडतात. उकड्यात खरंच काही जास्त असतं का? (सावंतवाडी)

असतं, पॉलिशच्या तांदळाच्या साधारण तिप्पट थायमिन. भात सालासकट भिजवून वाफवला की कोंड्यातलं, पाण्यात विरघळणारं जीवनसत्त्व दाण्याच्या आत सरकतं. नंतर गिरणीत कोंडा निघून गेला तरी ते आतच राहतं. १९२० च्या दशकात तमिळनाडूतल्या कुन्नूरला काम करणारे आहारसंशोधक डॉक्टर रॉबर्ट मॅकॅरिसन यांचं लक्ष याच फरकाकडे गेलं होतं. तेव्हाच्या मद्रास इलाख्यात बेरीबेरी मुख्यतः उत्तरेच्या तेलुगू किनारपट्टीत होता, जिथे लोक न उकडलेला सडीक तांदूळ खात. उकडा खाणारा दक्षिण भाग बराचसा सुटला होता. आणि १९३६ मध्ये थायमिन प्रयोगशाळेत प्रथम बनवणारे अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट विल्यम्स यांचा जन्मही त्याच किनाऱ्यावर, नेल्लोरचा.

जपानच्या नौदलाची गोष्ट त्याही आधीची. 'रयूजो' या जहाजावर १८८२-८३ च्या सफरीत ३७६ पैकी १६९ जणांना बेरीबेरी झाला, २५ दगावले. नौदलाचे वैद्य ताकाकी कानेहिरो यांनी १८८४ मध्ये 'त्सुकुबा' जहाज जवळपास त्याच मार्गाने पाठवलं, फक्त पांढऱ्या भाताच्या जोडीला मांस, जव, कडधान्यं दिली. एकही मृत्यू झाला नाही. ताकाकींना वाटलं प्रथिनांमुळे झालं. निष्कर्ष चुकला, जेवण बरोबर होतं.

स्वयंपाकघरापुरतं सांगायचं तर तांदूळ पाच-पाच पाण्यांनी चोळून धुऊ नका. भात वेळत असाल तर पेज फेकू नका, प्या. कडधान्य लवकर शिजावं म्हणून खायचा सोडा घालू नका, त्याने थायमिन नष्ट होतं.

प्रश्न : वडील ५२ वर्षांचे, रोज दारू, जेवण नावाला. पाय सुजले, धाप लागते, छातीत धडधड. पण हातपाय गरम असतात. हृदय कमजोर झालं की हातपाय गार पडतात ना? गावातले डॉक्टर अशक्तपणासाठी ग्लुकोज लावतात. (नांदेड जिल्हा)

तुमचं निरीक्षण फार मोलाचं आहे, ते डॉक्टरांना याच शब्दांत सांगा. थायमिन कमी पडलं की हातापायांतल्या रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्त भराभर परत येतं आणि हृदयाला दुप्पट राबावं लागतं. म्हणून सूज आहे, धाप आहे, तरी त्वचा गरम, नाडी उसळणारी, आणि रक्तदाबाच्या दोन आकड्यांत मोठी तफावत, समजा १४०/५०. ओला बेरीबेरी म्हणतात तो हाच. दारूमुळे आतड्यातून थायमिन नीट शोषलं जात नाही आणि यकृतात साठतही नाही. हाच प्रकार काही तासांत बिघडून रक्तदाब कोसळतो, हातपाय मग गार पडतात, रक्त आम्लधर्मी होतं. तेव्हा वेळ फार थोडा असतो.

नुसतं ग्लुकोज लावणं थांबवा. ग्लुकोज पचवायलाच थायमिन लागतं, त्यामुळे उरलंसुरलंही खर्ची पडतं, आणि हृदयाबरोबर मेंदूही बिघडू शकतो: डोळे तिरळे होणं, झोक जाणं, बरळणं. आधी किंवा निदान बरोबरच थायमिन, हा क्रम. हृदयासाठी रोज १०० ते २०० मिग्रॅ शिरेतून, मेंदूची लक्षणं असतील तर याहून पुष्कळ जास्त, दिवसातून तीनदा ५०० मिग्रॅपर्यंत. ते सलाइनमध्ये मिसळून अर्ध्या तासात दिलेलं बरं, क्वचित तीव्र ॲलर्जी येते. मॅग्नेशियमही तपासून घ्यावं. ते कमी असेल तर थायमिन दिलं तरी काम करत नाही, आणि 'देऊन बघितलं, उपयोग झाला नाही' असा खोटा निष्कर्ष निघतो.

एक-दोन दिवसांत लघवी वाढते, सूज उतरू लागते. या काळात दवाखान्यातच राहू द्या. सैल पडलेल्या रक्तवाहिन्या पुन्हा आवळतात तेव्हा दमलेलं हृदय एखाददोन दिवस मागे पडू शकतं. दारूने थेट हृदयाचा स्नायूही पातळ होतो, आणि तो आजार वेगळा, सावकाश सुधारणारा, कधी न सुधारणारा. दोन्ही एकाच माणसात असू शकतात. दारू एकदम बंद केल्यावर थरथर, भास किंवा फिट येऊ शकते, तेही भरती करणाऱ्यांना आधीच सांगा.

प्रश्न : आईचं हृदय ३५ टक्के पंपिंग करतं. हिमोग्लोबिन १२.१, म्हणजे ठीक. तरी डॉक्टर म्हणतात लोह कमी आहे, सलाइनमधून द्यायचं. तीन महिने लोहाच्या गोळ्या खाऊन झाल्या. खर्च वाढवायचा हा प्रकार नाही ना? (ठाणे)

नाही. हृदय कमजोर असलेल्यांत लोहाची कमतरता हिमोग्लोबिन घसरण्याआधीच स्नायूंना भोवते, कारण लोह फक्त रक्तात नाही, पेशींच्या ऊर्जाकेंद्रांतही लागतं. अशा रुग्णांत फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारी चाचणी) १०० पेक्षा कमी, किंवा १०० ते २९९ आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातल्या लोहवाहक प्रथिनावर किती लोह आहे ते) २० टक्क्यांखाली, याला कमतरता धरतात. निरोगी माणसापेक्षा हे आकडे वेगळे आहेत, कारण दीर्घ आजारात फेरिटिन फसवं चढलेलं असतं. अहवालात सॅच्युरेशनचा आकडा शोधा, तो जास्त भरवशाचा.

गोळ्या का लागू पडल्या नाहीत? या आजारात यकृतातून हेपसिडिन नावाचं द्रव्य जास्त सुटतं आणि ते आतड्याचं दार लोहासाठी बंद करतं. शिरेतून दिलेलं लोह दार टाळून जातं. त्याने चालण्याची ताकद वाढते आणि पुन्हा भरती व्हावं लागण्याचं प्रमाण घटतं. आयुष्य वाढतं असं ठामपणे म्हणता येत नाही, तसं कुणी सांगत असेल तर ते अतिशयोक्ती आहे. फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज या शिरेतून द्यायच्या लोहाची एकूण मात्रा वजन आणि हिमोग्लोबिनवर ठरते. वजन ७० किलोच्या आत आणि हिमोग्लोबिन १० ते १४ असेल तर साधारण १००० मिग्रॅ. निदान १५ मिनिटांत सावकाश, नंतर अर्धा तास नजरेखाली. औषध शिरेबाहेर गेलं तर त्वचेवर महिनोन्‌महिने तपकिरी डाग राहतो, म्हणून आग झाली तर आईंनी लगेच सांगावं. वारंवार दिल्यास फॉस्फेट घसरून हाडं दुखू शकतात. फेरिटिन लगेच तपासू नका, महिनाभर ते खोटं उंच दिसतं. तीन महिन्यांनी बघा.

आणि लोह गेलं कुठे, हे विचारल्याशिवाय सोडू नका. ॲस्पिरिन चालू असेल तर पोटातून झिरपणारं रक्त, मूळव्याध, पन्नाशीनंतर मोठ्या आतड्यातली गाठ. अनवाणी शेतात वावरणाऱ्यांत आकडीकृमी.

प्रश्न : मुलगा ८ वर्षांचा, स्वमग्न. दूध, ग्लुकोजची बिस्किटं आणि साधा भात एवढंच खातो. महिन्यापूर्वी चालणं सोडलं, पाय दुखतात, हिरड्या सुजून रक्त येतं. आता दमही लागतो. अस्थिमज्जेची तपासणी सुचवली आहे. (पुणे)

आधी क जीवनसत्त्व द्या, आणि तेही आजच. तुम्ही लिहिलेला आहार आणि लक्षणं स्कर्व्हीचीच आहेत. उकळलेल्या दुधात, बिस्किटात, भातात क जवळजवळ नसतं. रक्ताचा कर्करोग किंवा सांधेदुखी समजून अशा मुलांच्या महागड्या तपासण्या होत राहतात. गुडघ्याचा साधा एक्स-रे काढायला सांगा, हाडाच्या टोकाशी दाट पांढरी रेघ आणि तिच्यामागे काळसर पट्टा दिसतो.

दम लागतोय म्हणून इको लगेच हवा. क कमी पडलं की फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या सैल होण्याची यंत्रणा बिघडते आणि दाब चढतो. जुन्या काळी जहाजांवरचे स्कर्व्हीचे रुग्ण जरा श्रम पडताच कोसळून मरत. दाब चढलेला असताना भूल देणं जोखमीचं असतं, म्हणूनच मज्जेच्या तपासणीआधी इको करा, आणि क देऊन चार दिवस थांबता येईल का ते विचारा. मुलांत दिवसाला १०० ते ३०० मिग्रॅ, महिनाभर किंवा जास्त. पायदुखी दोन-तीन दिवसांत कमी होते, हिरड्या आठवड्याभरात, फुप्फुसांचा दाब काही आठवड्यांत उतरतो. ५०० मिग्रॅची चघळायची गोळी मिळते, तिचा पाव तुकडा सकाळ-संध्याकाळ. कुस्करून दुधात घालू नका, दूध नासतं आणि मूल ते दूधही सोडतं. चव नकोच असेल तर थेंब मिळतात. लोह, ड आणि थायमिनही तपासा. एवढ्या तोकड्या आहारात क एकटंच कमी असेल असं सहसा होत नाही.

प्रश्न : लेक लेस्टरला असते. नातू पाच महिन्यांचा, अंगावरचं दूध. तिथली नर्स रोज ड जीवनसत्त्वाचे थेंब द्यायला सांगते. आईचं दूध पूर्णान्न असताना हे कशाला? (कोल्हापूर)

आजोबा, नर्सचं बरोबर आहे. आईच्या दुधात ड फार थोडं असतं, आणि सावळ्या त्वचेला इंग्लंडचं ऊन पुरत नाही. ड कमी झालं की रक्तातलं कॅल्शियम घसरतं, आणि कॅल्शियमशिवाय हृदयाचा स्नायू आकुंचन पावत नाही. २००८ मध्ये लंडनच्या हृदयरोगतज्ज्ञांनी अशा १६ बाळांची माहिती छापली. सगळी दक्षिण आशियाई किंवा कृष्णवर्णीय घरांतली, सगळी आईच्या दुधावरची. तीन दगावली. जी वाचली त्यांचं हृदय कॅल्शियम आणि ड दिल्यावर सुधारत गेलं.

रोज ४०० युनिट म्हणजे १० मायक्रोग्रॅम, निदान वर्षभर. मात्र बाटली वाचूनच. परदेशी काही बाटल्यांत एका थेंबात ४०० युनिट असतात, आपल्याकडच्या बाटल्यांत १ मिलिलिटरमध्ये ४०० किंवा ८००. तिथल्या बाटलीतून इथल्या सवयीने १ मिलि दिलं तर कित्येक पटींनी जास्त जाईल. मोठ्यांची ६०,००० युनिटची पुडी तर बाळाच्या जवळपासही नको.

प्रश्न : लघवीच्या गोळ्यांनी बी-१ वाहून जातं असं वाचलं. मग रोज घेऊ का? (नाशिक)

फ्युरोसेमाइड या लघवीच्या गोळीने ते लघवीतून जास्त जातं हे खरं. पण कमजोर हृदयाच्या सगळ्यांना सरसकट थायमिन देऊन पंपिंग सुधारल्याचं चाचण्यांत दिसलेलं नाही. जेवण तुटलं असेल, उलट्या चालू असतील, वजन कमी करायची शस्त्रक्रिया झाली असेल, डायलिसिस असेल किंवा लघवीच्या गोळीची मात्रा मोठी असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या. लघवीची गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका.

प्रश्न : हृदयासाठी सेलेनियमच्या कॅप्सूल घ्याव्यात का? (अकोला)

बहुधा नको. सेलेनियम या सूक्ष्म खनिजाअभावी हृदय बिघडतं हे चीनमध्ये कळलं. हेलाँगजिआंग प्रांतातल्या केशान परगण्यात १९३५ मध्ये या आजाराची मोठी साथ आली, म्हणून तो केशान रोग. सिचुआनमध्ये १९७४ मध्ये मुलांना आठवड्यातून एकदा सोडियम सेलेनाइट दिलं तेव्हा ते घेणाऱ्या ४,५१० मुलांत १० जणांना आजार झाला, न घेणाऱ्या ३,९८५ मध्ये ५४ जणांना. पण हा उपाय प्रतिबंधाचा. एकदा व्रण पडलेला स्नायू त्याने परत येत नाही.

आपल्याकडे ही कमतरता दिसते ती मुख्यतः महिनोन्‌महिने शिरेतून पोषण चालू असलेल्यांत आणि पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर. उलट पंजाबच्या काही पट्ट्यांत जमिनीतच सेलेनियम जास्त आहे, आणि बुलढाण्यातल्या केसगळतीच्या वेळी २०२५ मध्ये गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियमची चर्चा तुमच्या शेजारच्याच जिल्ह्यात झाली. दिवसाला ४०० मायक्रोग्रॅमच्या वर नियमित गेलं तर केस गळतात, नखं ठिसूळ होतात, तोंडाला लसणासारखा वास येतो. शंका असेल तर आधी रक्त तपासा, आणि नमुना सूक्ष्म धातूंसाठीच्या गडद निळ्या टोपणाच्या नळीतच घ्यायला सांगा. साध्या नळीतून आलेला आकडा धरून कॅप्सूल सुरू करू नका.